साच्याला विचारल्याशिवाय आराखड्यावर सही नको

माननीय संपादक,

सादर नमस्कार.

संमिश्र पदार्थांवर, म्हणजे ज्यांना कारखान्यात आम्ही सरसकट कंपोझिट म्हणतो त्यांच्यावर, वृत्तपत्रांतून अलीकडे पुष्कळ छापून येते. कार्बनचा धागा पोलादापेक्षा किती हलका, बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांच्या वजनातला साधारण निम्मा वाटा कंपोझिटचा कसा, पवनचक्कीचे पाते शंभर मीटरच्या पुढे कसे गेले, ही सगळी माहिती बरोबर असते आणि ती वाचायला मलाही आवडते. तरी या लेखनात एक गोष्ट मला सतत खटकते. धाग्याचे वर्णन असते, धागे एकत्र जखडणाऱ्या चिकट रेझिनचे असते, तयार वस्तूचे तर असतेच. पण धागा आणि रेझिन ज्याच्यावर अंथरले जातात, ज्याच्यासकट भट्टीत जातात आणि ज्याचा आकार घेऊन बाहेर येतात, त्या साच्याबद्दल एक ओळही नसते. साचे बनवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात मी तीस वर्षे काढली, त्यामुळे ही तक्रार पक्षपाती वाटेल, वाटो बापडी. ती केवळ वृत्तपत्रांबद्दल असती तर हे पत्र लिहिलेही नसते. कारखान्यांतही साच्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, म्हणजे वस्तूच्या आराखड्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्यानंतर, आणि मग उरलेल्या दिवसांत व उरलेल्या पैशांत तो कसाबसा बसवावा लागतो. त्याचे परिणाम काय होतात, ते जवळून पाहिलेल्या माणसाने एकदा लिहून ठेवावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

धातूच्या कामात मुरलेल्या माणसाला साच्याचे हे महत्त्व चटकन पटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पोलादाचा पत्रा डायखाली येतो तेव्हा तो पोलाद म्हणून पूर्ण झालेला असतो. त्याची ताकद आधीच ठरलेली असते आणि डाय त्याला फक्त वाकवते. कंपोझिटचे तसे नाही. साच्यावर अंथरलेले प्रीप्रेग, म्हणजे रेझिन आधीच मुरवलेले कापड, हे अजून चिकट, लवचीक आणि वापरेपर्यंत उणे १८ अंशांच्या आसपास फ्रीझरमध्ये जपून ठेवावे लागणारे अर्धवट काहीतरी असते. खरा पदार्थ तयार होतो तो साच्यावर, तापताना. आधी रेझिन पातळ होऊन धाग्यांच्या अधेमधे पसरते, मग त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊ लागतात, एका टप्प्यावर ते वाहायचे थांबते, ज्याला आम्ही जेल होणे म्हणतो, आणि त्यानंतर ते कडक होत जाते. या प्रत्येक टप्प्यावर साचा किती तापला आहे, किती फुगला आहे आणि हवा धरून आहे की नाही, यावर मालाची जाडी, आकार आणि आतल्या पोकळ्या ठरतात. जेल झाल्यानंतर चूक सुधारता येत नाही; हा माल वितळवून पुन्हा ओतता येत नाही. साचा हा निम्मा कच्चा मालच आहे, असे मी टूल-रूममध्ये, म्हणजे साचे घडवणाऱ्या विभागात, नव्याने येणाऱ्या मुलांना सांगत असे, ते याच अर्थाने.

सुरुवात प्रसरणापासून करतो, कारण सर्वांत महाग चुका तिथेच होतात. विमानाच्या मुख्य भागांसाठी वापरली जाणारी बरीचशी इपॉक्सी रेझिने सुमारे १८० अंश सेल्सिअसला क्युअर होतात, म्हणजे तापून कायमची कडक होतात. कारखान्याचे तापमान २० अंश धरले तर साच्याला १६० अंशांचा चढ चढावा लागतो. दर अंशाला ॲल्युमिनियम दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढते, साधे पोलाद सुमारे १२ भाग, आणि धागे सर्व दिशांना समतोल मांडलेला कार्बन-इपॉक्सीचा थर जेमतेम ३ भाग. कागदावर हे आकडे क्षुल्लक दिसतात. पण ४ मीटर लांबीचा साचा घेऊन गुणाकार करून पाहावा. ॲल्युमिनियमचा साचा जवळजवळ १५ मिलिमीटर वाढतो, पोलादाचा साडेसातहून थोडा अधिक, आणि त्याच्यावरचा कार्बनचा माल २ मिलिमीटरहूनही कमी. माल कडक होतो तो साचा फुगलेला असताना, त्यामुळे फुगलेल्या साच्याचे माप त्याच्या अंगावर कायमचे उमटते; नंतर थंड होताना साचा आपल्या मूळ लांबीवर परत जातो, माल मात्र थोडासाच आकसतो. म्हणूनच एवढ्या लांबीचा साचा ॲल्युमिनियममध्ये करायचा झाला तर तो मुद्दाम १२-१३ मिलिमीटर आखूड कापावा लागतो. हा हिशेबही सरळ नाही. माप गोठते ते कमाल तापमानाला नव्हे तर जेल होण्याच्या तापमानाला, आणि ते तापमान तापवण्याच्या वेगाप्रमाणे मागेपुढे होते. म्हणून जाणती माणसे काही रेझिनांच्या बाबतीत तापमान मध्येच बराच वेळ थांबवतात, तिथे जेल होऊ देतात आणि मगच वर नेतात. वेळ जातो, पण साच्याचे आणि मालाचे भांडण कमी होते.

या दुखण्यावरचा जुना आणि खात्रीचा उतारा म्हणजे इन्व्हार. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळले की प्रसरण जवळजवळ नाहीसे होते, हे शार्ल एदुआर ग्योम या स्विस शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये दाखवले. तो वजने-मापे सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात काम करत होता आणि लांबीच्या प्रमाण पट्ट्यांसाठी स्वस्त धातू शोधत होता. या कामाबद्दल त्याला १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोजपट्टीसाठी शोधलेला धातू आज विमानाच्या पंखाखाली साचा बनून उभा आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. आपल्या ४ मीटरच्या उदाहरणात इन्व्हार सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे कार्बनच्या मालाच्या अगदी जवळ राहतो. पण त्याची किंमत निरनिराळ्या तऱ्हेने मोजावी लागते. तो ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतो. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या दहाव्या हिश्शाइतकाही पुरा पडत नाही. यंत्रावर कापताना चिवटपणा दाखवतो आणि कापणारी धार लवकर बोथट करतो. निकेलचा भाव वेगळाच. तेव्हा ‘इन्व्हारचा साचा करा’ हे वाक्य बैठकीत बोलायला सोपे आहे, पण तो साचा उचलणारी क्रेन आणि तो तापवू शकणारा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी, आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे लागते.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट इथे सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कार्बन-इपॉक्सीची, पन्हळीसारखी खोल, दोन्ही टोके बंद असलेली १.८ मीटर लांबीची वस्तू करायची होती. तिचा बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा होता, म्हणून साचा आतून पोकळ ठेवला, म्हणजे माल साच्याच्या पोटात बसणार. घाई होती, म्हणून धातू ॲल्युमिनियम निवडला, कारण तो यंत्रावर भराभर कापला जातो. टूल-रूमने आक्षेप घेतला होता, पण तोंडी. लेखी घेतला नव्हता ही आमची चूक. पहिल्या मालाची ट्रॉली ऑटोक्लेव्हमधून बाहेर ओढली तेव्हा साचा ६० अंशांच्या आसपास होता. हातमोजे घालून आम्ही मालावर ताणलेली प्लास्टिकची बॅग फाडत होतो, तेवढ्यात आतून एक बारीक आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा. थोड्या वेळाने दुसरा. वरून पाहिले तर काही दिसत नव्हते. पूर्ण थंड झाल्यावर माल निघेना. लाकडी पाचरी मारून तो काढावा लागला. मग नाणे घेऊन त्याच्यावर टकटक करत गेलो. मधल्या लांबीभर आवाज खणखणीत येत होता आणि दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत आला की बद्द. थर आतून सुटले होते. कोणीतरी तपासणीच्या कागदामागे गुणाकार केला: साचा मालापेक्षा पावणेसहा मिलिमीटर जास्त आकसला होता, आणि टोकांच्या दोन भिंतींमध्ये सापडलेल्या मालाला जायला जागाच नव्हती. चिमट्यात धरलेल्या वस्तूने आणखी काय करायचे होते?

यावरून ॲल्युमिनियम वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. तीच वस्तू उंचवट्याच्या साच्यावर, म्हणजे माल साच्याच्या पाठीवर बसेल अशी केली असती, तर थंड होताना ॲल्युमिनियम मालापासून दूर आकसला असता आणि माल जवळजवळ आपोआप सुटला असता. अर्थात मग गुळगुळीत बाजू आतली झाली असती. टोकांच्या भिंती सुट्या ठेवल्या असत्या तरी निभावले असते. कोणती बाजू साच्याला लागणार, माल पोटात बसणार की पाठीवर, भिंती सुट्या की अखंड, हे प्रश्न वस्तूच्या आराखड्यातच दडलेले असतात, आणि आराखडा पक्का होताना ते विचारणारा माणूस त्या खोलीत नव्हता. शेवटी तो साचा कार्बनच्याच थरांचा नव्याने केला. सुरुवातीला तीन आठवडे वाचवले होते, गेले अकरा.

कोपऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक खोड सांगायला हवी, जी माहीत नसलेल्या माणसाला चक्रावून टाकते. साचा बरोबर ९० अंशांचा कापलेला असतो, मोजून पाहिला तर ९०च भरतो, आणि त्याच्यावरून निघालेला माल मात्र ८९ अंशांचा किंवा त्याहूनही मिटलेला निघतो. कारण असे, की कार्बनचा थर धाग्यांच्या दिशेने फारसा आकसत नाही, पण जाडीच्या दिशेने धागा नसतो, तिथे सगळा कारभार रेझिनचा. आणि रेझिन थंड होतानाही आकसते व कडक होतानाही आकसते. कोपऱ्यात जाडी कमी होते पण कमानीची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे कोन आपोआप मिटतो. साधारण अर्ध्या अंशापासून दोन अंशांपर्यंत हा फरक पडतो. १०० मिलिमीटर रुंदीच्या कडेला एका अंशाने पावणेदोन मिलिमीटरची फट पडते, आणि विमानाच्या जोडात पावणेदोन मिलिमीटर म्हणजे दरीच. यावर उपाय एकच: साचा मुद्दाम उघडा कापायचा, ९१ किंवा साडे९१ अंशांचा, म्हणजे माल मिटून ९० वर येईल. किती उघडा ठेवायचा ते थरांची मांडणी, कोपऱ्याची त्रिज्या, रेझिन, क्युअरची पद्धत आणि साच्याचा धातू यांवर ठरते. संगणकावर त्याचा अंदाज बांधता येतो, पण नमुन्याचा एक तुकडा करून पाहिल्याशिवाय मी कधी साचा कापू दिला नाही. आणि एकदा साचा कापला की संकल्पकांपैकी कोणीतरी, ताकदीच्या हिशेबात बसत नाही म्हणून, दोन थरांची दिशा बदलतो. त्याच्या दृष्टीने तो कागदावरचा किरकोळ बदल असतो. इकडे कोन बदललेला असतो आणि साचा चुकीचा ठरतो.

अशा फरकांची किंमत केवढी असते, याचे जाहीर उदाहरण २०२० सालचे आहे. बोईंग ७८७ च्या मागील भागातल्या काही जोडांत आतल्या पृष्ठभागाची सपाटी आणि फटीत बसवायच्या पातळ पट्ट्यांची जाडी ठरलेल्या मर्यादेत नसल्याचे आढळले, आणि हे दोन्ही दोष एकत्र आलेली ८ विमाने सेवेतून बाजूला काढावी लागली. ती मर्यादा सुमारे ०.१३ मिलिमीटरची होती, म्हणजे जाड केसाएवढी. याला केवळ साचे जबाबदार होते असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला आधारही नाही. पण कित्येक मीटर व्यासाच्या वस्तूत केसाएवढी शिस्त पाळायची असते, एवढे त्यावरून वाचकांना कळावे.

आता उष्णतेबद्दल. ऑटोक्लेव्ह ही दाब आणि उष्णता देणारी मोठी पोलादी टाकी असते. आत बहुधा नायट्रोजन भरून सहा-सात बारपर्यंत दाब देतात, म्हणजे मालाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६० ते ७० टनांचा भार. पडद्यावर दिसणारे तापमान त्या वायूचे असते, मालाचे नव्हे. मालाला उष्णता मिळते ती बरीचशी साच्यातून, आणि साचा जिथे जाड तिथे ती उशिरा पोहोचते. म्हणून चांगल्या साच्याचा वरचा पत्रा शक्य तितका पातळ व सर्वत्र सारख्या जाडीचा ठेवतात, आणि त्याच्याखाली उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकटी जाळी करून तिला मोठमोठी भोके पाडतात, म्हणजे गरम वायू पोटाखालून खेळता राहतो. ही भोके पाहून एका खरेदी अधिकाऱ्याने मला विचारले होते, की एवढे कापून वाया घालवण्यापेक्षा भरीव ठोकळाच का घेत नाही. प्रश्न वावगा नव्हता, उत्तर मात्र पुढच्याच महिन्यात मिळाले: दुसऱ्या एका साच्यात जाड पाय ठेवले होते, आणि त्या पायांवरची जागा बाकीच्या साच्यापेक्षा ४० मिनिटे मागे होती. क्युअरची वेळ मोजायची ती सर्वांत मागे राहिलेल्या थर्मोकपलपासून, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेपासून. तोवर पुढे गेलेला भाग उगाच भाजत राहतो. जाड मालात उलटा धोका असतो, रेझिन कडक होताना स्वतःच उष्णता सोडते, आणि साच्याने ती ओढून घेतली नाही तर आतले तापमान ठरलेल्यापेक्षा कितीतरी वर जाते. पवनचक्कीच्या पात्याचे बूड करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

हवा धरण्याची गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून त्रासदायक. मालावर प्लास्टिकची बॅग टाकून, कडेने चिकट पट्टी लावून आतली हवा ओढून घेतात, मग पंप बंद करून काही मिनिटे काटा पाहतात. काटा हलला की गळती. सगळे बॅगेला दोष देतात, पट्टी पुन्हा दाबतात, बॅग बदलतात. कारण बॅग रोज नवी असते आणि साचा कायमचा, म्हणून साचा चोख असे गृहीत धरलेले असते. एका इन्व्हारच्या साच्यावर सतत एकाच ठिकाणी, कडेपासून वीतभर आत, मालात बारीक पोकळ्या सापडत होत्या. गळती शोधणारे कानाचे यंत्र सगळ्या कडेने फिरवले, काही ऐकू येईना. शेवटी एका मुलाने साच्याखाली पाठीवर सरपटत जाऊन ते जोडाच्या वेल्डिंगवर लावले, तेव्हा शीळ ऐकू आली. सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. थंड असताना ते जवळजवळ बंद राही, तापले की उघडे, आणि वरून सात बारचा दाब आला की नायट्रोजन तिथून थेट मालाच्या पोटात. बॅगेच्या आत वायू शिरला की बाहेरचा दाब मालाला दाबूच शकत नाही. साच्याची गळती चाचणी रिकाम्या साच्यावर, आणि जमेल तिथे तापवूनही घ्यावी, हे आम्ही त्यानंतर शिकलो. शिकण्यासाठी नऊ नग भंगारात टाकले.

स्वस्त आणि झटपट साच्यांबद्दल हल्ली बरेच बोलले जाते, त्यावर थोडे लिहितो. कार्बनच्या मालासाठी कार्बनचाच साचा ही कल्पना उत्तम आहे. प्रसरण जुळते, वजन कमी, तापतो लवकर. पण तो साचा थेट जन्माला येत नाही. आधी पॉलियुरेथेनच्या किंवा इपॉक्सीच्या पाटापासून मूळ नमुना कापायचा, त्याला चकचकीत करायचे, त्याच्यावर खास प्रीप्रेग अंथरून ५०-६० अंशांना तासन्‌तास ठेवायचे, कारण नमुन्याला त्याहून जास्त उष्णता सोसत नाही. मग साचा सुटा करून, आधार देऊन, हळूहळू वर नेत पक्का करायचा. यातल्या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी चूक मिसळते आणि शेवटच्या मालात सगळ्यांची बेरीज येते. शिवाय वारंवार तापून-थंडावून अशा साच्याच्या रेझिनमध्ये बारीक तडे जातात आणि तो हवा सोडू लागतो. काही शेकडा फेऱ्या मिळाल्या तरी त्याने काम केले म्हणायचे. इन्व्हार हजारांची गोष्ट करतो. दहा नग हवे असतील तर कार्बनचा साचा शहाणपणाचा, हजार हवे असतील तर हिशेब पुन्हा मांडावा.

छापील साच्यांची बातमी अधूनमधून मोठ्या मथळ्याने येते. २०१६ मध्ये अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने बोईंगसाठी ५.३ मीटर लांबीचे, सुमारे ७५० किलो वजनाचे साधन ३० तासांच्या आसपास छापले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. काम कौतुकाचेच होते. पण ते साधन ७७७एक्स विमानाच्या पंखाचे आवरण धरून ठेवून त्याच्या कडा कापण्यासाठी आणि भोके पाडण्यासाठी होते, क्युअर करण्यासाठी नव्हते. कार्बनचे तुकडे मिसळलेले एबीएस प्लास्टिक १८० अंशांना उभे राहत नाही. उष्णता सोसणारी प्लास्टिके आहेत आणि त्यांचे क्युअरचे साचेही छापले जातात, मात्र छापलेल्या वस्तूचे प्रसरण छपाईच्या दिशेने एक आणि आडव्या दिशेने दुसरे असते, आणि दोन ओळींमधून हवा झिरपू नये म्हणून पृष्ठभाग वेगळा बंद करावा लागतो. ‘आता साचे छापूनच मिळतील’ असे कोणी म्हणाले की मी विचारतो, कोणत्या तापमानाचे आणि किती नगांचे.

साच्यामुळे वस्तूची रचनाच कशी ठरते, हे मोठ्या विमानांत स्पष्ट दिसते. ७८७ च्या धडाचे भाग अखंड नळकांड्यासारखे करतात; ती नळी ज्या गाभ्यावर गुंडाळतात तो तुकड्यातुकड्यांचा असतो आणि क्युअर झाल्यावर आतून सुटा करून काढून घ्यावा लागतो. ए३५० च्या धडाला एअरबसने वेगवेगळे मोठे पट्टे करून जोडण्याचा मार्ग घेतला. एकात जोड कमी पण गाभा अवघड, दुसऱ्यात साचे सोपे पण जोड अधिक. कोणता मार्ग चांगला यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि राहतील. माझे लक्ष वेधून घेते ते इतकेच, की दोन्हीकडे साच्याचा निर्णय विमानाच्या आराखड्याबरोबरच घ्यावा लागला, नंतर नव्हे. ही अक्कल नवीही नाही. १९४० मध्ये पहिले उड्डाण केलेल्या मॉस्किटो या लाकडी विमानाचे धड बर्चच्या प्लायवुडमध्ये बाल्साचा थर घालून, उभे चिरल्यासारखे दोन अर्ध्यांत करत. ते अर्धे मॅहॉगनीच्या किंवा चक्क काँक्रीटच्या साच्यांवर घडवत. गोंद धरायला १८० अंशांची गरज नव्हती, म्हणून काँक्रीट चालले. आणि धड मिटवण्यापूर्वी दोन्ही अर्ध्यांत आतले बरेचसे सामान उघड्यावर बसवता येई, ही सोय साच्याच्या निवडीतूनच मिळालेली होती.

आता मागणे, आणि ते फार नाही. वस्तूचा आराखडा पक्का करताना ज्या कागदावर संकल्पक, ताकदीचा हिशेब करणारा आणि उत्पादनप्रमुख सह्या करतात, त्यावर साचेकाराच्या सहीची एक जागा असावी, आणि ती सही रिकामी असेल तर आराखडा पुढे जाऊ नये. साच्याचा धातू, माल कोणत्या बाजूने सुटणार, कोपऱ्यांना किती सूट दिली आणि ती कोणत्या थररचनेवर बेतली आहे, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे, म्हणजे पुढे कोणी दोन थर फिरवायला गेला की त्याला थांबून विचारावे लागेल. प्रत्येक साच्याला स्वतःची वही असावी: किती फेऱ्या झाल्या, गळती चाचणी कधी झाली, माप कधी तपासले, सुटे होण्यासाठी लावायचा लेप शेवटचा कधी आणि कोणी लावला. हा लेप विसरला तर माल साच्याला असा चिकटतो की दोन्हींपैकी एकाचा निरोप घ्यावा लागतो, आणि वाजवीपेक्षा जास्त लावला तर तो मालावर उतरून पुढे रंग व गोंद धरत नाहीत. पण वहीत नोंद नसल्याने दोन्ही वेळी दोष रंगवाल्याला मिळतो. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात थरांच्या ताकदीची समीकरणे शिकवतात, ती शिकवावीतच. त्याबरोबर विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः साचा करून, त्याच्यावर काटकोनी तुकडा क्युअर करून, तो ८९ अंशांचा निघालेला आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा.

आपल्याकडे एक विनंती आहे. कार्बनच्या एखाद्या नव्या विमानाचे किंवा पात्याचे छायाचित्र यापुढे छापाल, तेव्हा माल उचलून नेल्यावर मागे उरलेल्या साच्याचेही एक मागवून घ्यावे. तो चकचकीत नसतो, त्याच्यावर पट्ट्यांचे चिकट डाग असतात आणि कडेला थर्मोकपलच्या तारा लोंबत असतात. तरी तो छापावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साचेकार